अर्थिंगची पिन

श्रीगोंद्याच्या कार्यक्रमात माझ्या मित्राला करंट लागला, तो जनरेटरवाल्यामुळे नव्हे, माझ्यामुळे. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

लग्नं, जयंत्या करणारा आमचा छोटा ऑर्केस्ट्रा होता. मित्र बेस गिटार वाजवायचा, मी साउंड बघायचो. त्या संध्याकाळी बेसच्या ॲम्प्लिफायरमधून सारखी घरघर येत होती, गाणारे माझ्यावर खेकसत होते. मी प्लगची अर्थिंगची जाड पिन पकडीने मोडून टाकली. घरघर थांबली. असं करणारे मी पुष्कळ पाहिले होते. पण ॲम्प्लिफायरमध्ये करंट उतरलाच तर तो जमिनीत जायची वाटच त्यामुळे तुटली, आता तो गिटारच्या तारांत येणार होता. थोड्या वेळाने कोरस द्यायला त्याने उजव्या हाताने माइकचा स्टँड धरला. डावा हात तारांवरच होता. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता चिकटून थरथरत राहिला. मी बटण बंद केलं तेव्हा खाली पडला.

सगळे जनरेटरवाल्यावर धावून गेले. त्या गोंधळात मी प्लग कापून खिशात घातला आणि गप्प उभा राहिलो. जनरेटरवाल्याला नंतर कुणी बोलावलं नाही. मित्र वाचला, पण त्याच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत जोर म्हणून उरला नाही.

आता दर रविवारी दुपारी मी त्याच्या घरी जातो. गिटार माझ्या मांडीवर, शिकवणारा तो. करंट लागण्याआधी त्याला बेसवर जाझच्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, वाजवायच्या होत्या, मोबाईलवर ऐकून त्याने त्या बसवत आणल्या होत्या. बेसवर सगळे सूर एकदम घेतले की नुसता गाळ होतो. म्हणून मूळ सूर, तिसरा आणि सातवा एवढेच घ्यायचे, पाचवा सोडायचा, तेही गिटारच्या दांडीवरच्या वरच्या घरांत. काही ठिकाणी तर हात जागचा हलतही नाही, मधल्या तारेवरचं एक बोट एक घर मागे घेतलं की कॉर्ड बदलते. तेवढंही मला नीट जमत नाही, कारण तारांना हात लावायचीच भीती वाटते. करंट असला तर हात चिकटू नये म्हणून आधी बोटांची मागची बाजू लावून बघतो. दर वेळी.

"तवा हाय का त्यो, लेका?" तो हसतो.

गेल्या रविवारी त्याच्या जुन्या ॲम्प्लिफायरने तशीच घरघर धरली.

"ती अर्थिंगची पिन मोड की. लई डोकं खातंय," तो म्हणाला.

"नको!"

मी इतका ओरडलो की वहिनी आतून धावत आल्या. "काय झालं भाऊजी?"

"काय न्हाई गं, तुझ्या भाऊजीला भूत दिसलं."

त्या हसत आत गेल्या. तो मात्र आपल्या बोटांकडे बघत बसला.

"श्रीगोंद्याला बाकी आवाज कसला साफ हुता, न्हाई का? जरा म्हणून घरघर नव्हती. मग त्या जनरेटरवाल्यानं नेमकं केलं तरी काय आसंल रे?"

सांगितलं तर या दुपारी संपतील, हा मित्र कायमचा तुटेल. न सांगता त्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

"काय माहीत," मी म्हणालो.

"जाऊ दे. धर परत. ते एक बोट तेवढं मागं घे."

मी धरलं. बोट भलत्याच घरात पडलं, सूर लागला नाही.

मित्राने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी देणं लागतो. जनरेटरवाल्याच्या दारात जाऊन त्याची माफी मागायची आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.