धाडच्या नाल्यातला गाळोबा

भूतखेत म्हटलं की सिंधूताईला हसू यायचं. धाड गावच्या बाजारामागे, नाल्याच्या अगदी काठावर तिचं घर. घरात नवरा पुंजाजी, गोठ्यात चंद्री म्हैस आणि चोवीस तास नाल्याचा वास. कोंबड्यांची पिसं, गॅरेजचं काळं ऑइल, सडका भाजीपाला, ज्याला जे नको ते तो तिथं आणून ओतायचा. सिंधूताई भांडायची. लोक हसून निघून जायचे.

एका संध्याकाळी चंद्री दावं तोडून नाल्यात जाऊन बसली. चिकनवाला शेखर पिसांचं पोतं उलटं करत होता, तोच समोरचा गाळ हलला, फुगला आणि उभाच राहिला. अंगभर काळानिळा चिखल, शिंगांना लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पन्न्या. शेखर पोतं टाकून पळत सुटला.

"काकू, नाल्यातून काहीतरी निघून राह्यलं!"

सिंधूताईनं चंद्रीला केव्हाच ओळखलं होतं. पण तोंडून भलतंच निघालं. "गाळोबा हाय तो! तुमचीच घाण खाऊन एवढा झाला. आता टाकणाऱ्याले पाय धरून आत ओढते म्हने."

अंधार पडायच्या आत तिनं चंद्रीला परसात नेऊन खसाखसा धुतलं.

पुंजाजी म्हणाला, "काऊन वं, लोकायले भेव दाखवून राह्यली?"

"म्या कुठं? चंद्रीनं दाखवला."

काही दिवस नाल्यात कागदाचा कपटा पडला नाही. सिंधूताई खुशीत. मग बाजाराच्या दिवशी शेजारच्या अन्नपूर्णाबाई नारळ, हार, उदबत्त्या घेऊन आल्या आणि पन्नीसकट सगळं नाल्यात सोडून मोकळ्या झाल्या. "गाळोबाले शांत करा लागते ना बाई!" त्यांचं पाहून रांगच लागली. नाला होता त्याहून तुंबला.

पुंजाजी पोट धरून हसला. "जलमभर देव मानला नाही, अन् सोताच एक काढला!"

सिंधूताई पेटली. पुढच्या बाजारात तिनं चंद्रीला भर गर्दीत उभं केलं, बादलीभर गाळ तिच्या पाठीवर थापला, शिंगांना पन्न्या अडकवल्या. "पाहून घ्या तुमचा गाळोबा!"

अन्नपूर्णाबाईंनी हळूच विचारलं, "मंग माह्ये नारळ?"

"नाल्यात हायेत. काढा."

असा हशा पिकला, की लाजेकाजेस्तव शेखरच फावडं घेऊन आधी उतरला. मागून आणखी काही जण उतरले. दुपारपर्यंत अर्धा नाला वाहता झाला. अन्नपूर्णाबाईंनी सिंधूताईशी बोलणं टाकलंय. आणि उरलेल्या अर्ध्या नाल्यावर नजर ठेवायला सिंधूताई रोज सकाळी काठावर खुर्ची टाकून बसते.