भगदाड

१९७३च्या जूनमध्ये मी नगरच्या कॉलेजात जाणार होतो. त्याआधी आईनं एकच गोष्ट मागितली. पारनेरकडच्या एका गावात दोन सख्ख्या बहिणींचं माहेर होतं. दोघी मठात जाऊन सिस्टर झाल्या आणि प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता गेल्या. रोमनं अजून त्यांना संत म्हणून जाहीर केलेलं नव्हतं. आमच्याकडचे कॅथलिक लोक मात्र त्यांना संतच मानत.

"त्यांच्या घराच्या भिंतीची चिमूटभर माती आन. ट्रंकेत ठेव," आई म्हणाली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. तिला धास्ती वाटत असावी.

एस.टी.नं त्या गावच्या फाट्यावर सोडलं. पुढं चालत गेलो. मी मनात काहीतरी मोठं धरून आलो होतो. निघालं दोन खणांचं धाब्याचं घर. ओट्यावर त्या बहिणींची म्हातारी भावजय बाजरी निवडत बसली होती. दाराशेजारी भिंतीला डोकं मावेल एवढं भगदाड होतं.

मी घुटमळलो. तिनंच विचारलं, "माती पायजे न्हवं?"

"हो... कॉलेजात चाललोय. थोडीच."

"समदी थोडीच नेत्यात. परवा एक बाई तर उलथनं घिऊन आल्ती!"

मला हसू आलं. मग हसायला नको होतं असं वाटलं.

"नणंदा झाल्या संत, पर भित पडंल ती माझ्या अंगावर. पाऊस तोंडावर आलाय. दोनदा लिंपली. ही माती त्यांच्या येळची न्हाई, माझ्या हातची हाय. सांगितलं तरी नेत्यात."

"मावशी, मी माती आणून देऊ का?"

तिनं माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं पाहिलं. "बघ बाबा, कालेजवाल्या." आणि घमेलं पुढं केलं.

ओढ्याकाठची माती आणली, भुसकट घालून तुडवली. मी गोळे देत गेलो, ती लिंपत गेली. निम्मं भगदाड भरलं आणि परतीच्या गाडीची वेळ झाली. निघताना तिनं उरलेला ओला गोळा पळसाच्या पानात बांधून दिला.

घरी आईला सगळं सांगितलं. माती जुनी नाही, हेही. ती हिरमुसेल असं वाटलं होतं. तिनं पुडी सोडून गोळा बोटानं दाबून पाहिला.

"निम्मंच भरलं? आन तू तसाच आलास?"

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती शेजारच्या दोघींना घेऊन आमच्या फाट्यावर गेली. तिघींच्या डोक्यावर मातीच्या पाट्या. कंडक्टर म्हणाला, "पाटीचं तिकीट पडंल."

"फाड की," आई म्हणाली. "आदी ह्या वर घे."