खाडीच्या बांधावर एक पाटी

ज्येष्ठ सरता सरता घणसोली गावातून निरोप आला, चांगुणाबाई गेल्या. निरोप घेऊन आलेली त्यांची सून वनिता एवढेच म्हणाली, "झोपेतच गेली आय. तरास नाय झाला." कष्टलेल्या त्या देहावर ईश्वराने अखेरची कृपा केली, असे मनात आले आणि हात आपोआप जोडले गेले.

संस्कृताच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी चांगुणाबाईंच्या खोलीत भाड्याने राहत होतो; पुढे ती सोडली, तरी आषाढ अमावास्येला गावात येणे सोडले नाही. खोलीमागे खाडी आणि तिला अडवणारा जुना मातीचा बांध. खेकडे त्यात बिळे पाडतात. आषाढ अमावास्येच्या उधाणाला पावसाची जोड मिळाली की तेवढ्या बिळांनीही बांध फुटतो. म्हणून अमावास्येआधी प्रत्येक घराने एक पाटी चिखल नेऊन बिळे बुजवायची, मग खाडीला नारळ द्यायचा, अशी गावाची रीत. तिथी मी पंचांगात पाहून सांगे. हाळी चांगुणाबाई घालीत. पहिल्याच वर्षी नारळ हाती घेऊन मी मंत्र आरंभला, तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "गुर्जी, मंतर मंग. आदी पाटी उचला!" भूमीला पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, हे मी जन्मभर शिकवले, त्या चिखलात हात घालताना ते हातांनाही उमगले...

पुढे शेते नव्या शहरासाठी गेली आणि बांधावरची माणसे रोडावली. वनिताच एकदा म्हणाली, "जमीन गेली, आता बांध कोनाचा, आय?"

"जमीन गेली. पानी गेलं का?"

सून हसली, पण पाटी उचलायला आली नाही. गेल्या वर्षी बांधावरून परतताना चांगुणाबाई ओट्यावर टेकल्या. "माज्या मागं खाडी घरात येल, गुर्जी." मरणाचे भय त्यांना नव्हते, भय होते ते एवढेच.

यंदा अमावास्या जवळ आली, आणि तिथी सांगायची कुणाला, हे मला कळेना. अखेर आदल्या दिवशी सकाळीच गावात गेलो. वनिता दारोदार ओरडत होती, "ए भाऊ, टीवी मंग बग! भाडेकरू म्हनून पानी तुला सोडनार हाय का?" साताऱ्याकडचे भाडेकरूही हसत बाहेर पडत होते. मला पाहताच तिने सासूची काठ झिजलेली पाटी पुढे केली. "आयची हाय. नारळ मंग."

अमावास्येला उधाण आले, वर पाऊसही कोसळला. भर दुपारी पाणी बांधाला धडका देत राहिले... आणि ओहोटीबरोबर माघारी वळले. मी चांगुणाबाईंच्या दाराशी गेलो. पाटी वनिताने ओट्यावर नेहमीच्या जागी पालथी घातलेली होती. सहज उचलून पाहिली. खालची फरशी कोरडी होती.