शिट्टीची चूक

राळेगावच्या एसटी स्टँडसमोर माझ्या मित्राचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्यावर मी एक कथा लिहिली आणि शेवटी त्याला ट्रकखाली मारलं. कथेला शेवट हवा होता, एवढंच कारण. छापून आल्यावर त्यानं ती वाचली आणि पोट धरून हसला. "काबे, मारूनच टाकलं नं मले! आता तुले पंक्चर कोन काढून देईन?"

सहा महिन्यांनी दुकानातच छातीत कळ येऊन तो गेला. ट्रक नव्हता, काही नव्हतं. पण माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच. तीन वर्षं एक ओळ लिहिली नाही. कागदावर माणूस उभा राहिला, की आता याचं काय होणार या भीतीनं पेन खाली ठेवायचो. लोक विचारत, "नवीन काय लिहून राह्यले?" मी विषय सोयाबीनवर न्यायचो. दुकान टळावं म्हणून मागच्या गल्लीनं जायचो. तरी शिट्टी ऐकू यायचीच. कथेत तो पंक्चर काढताना शिट्टी वाजवायचा.

एका दुपारी मागची गल्ली खोदलेली होती म्हणून स्टँडवरून निघालो, तर नेमकी त्या दुकानासमोरच सायकलची हवा गेली. दुकान आता त्याची बायको चालवते. चाक उघडता उघडता ती म्हणाली, "भाऊजी, तुमची कथा चुकली."

मी मान खाली घातली. "हो. मारायला नको होतं त्याला."

"ते नाही जी. शिट्टी. त्यायनं जन्मात शिट्टी वाजवली नाही. ते ट्यूबीसंग बोलत." तिनं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि थेट त्याच्यासारखं विचारलं, "सांग माय, कुठं दुखते?" बुडबुडे वर आले.

शंभरदा ऐकलं होतं मी ते. शिट्टी बरी दिसते म्हणून मीच घातली होती. मग तीन वर्षं माझ्या मागं लागला होता, तो कोण?

घरी येऊन ते वाक्य लिहिलं, आणि पेन थांबेना; त्याचीच कथा पुन्हा लिहून काढली. आठवड्यानं वही घेऊन तिला वाचून दाखवायला गेलो. हातातलं काम तसंच धरून ती ऐकत होती. कथेत वळणावर पुन्हा तोच ट्रक आला, तिथं मी वाचायचं थांबवलं. म्हटलं, "हे खोडतो."

"नोका खोडू. पयल्या कथेत दुसराच कोनी मेलता," ती म्हणाली. "या कथेत तेच हायेत. वाचा, मले रडू द्या."