आजीची शीर आणि माझा चहा

गावोगाव फिरून तपासणीसाठी रक्त काढणं हा माझा धंदा. शहापूर आणि मुरबाडकडची गावं मला रस्त्यांवरून आठवत नाहीत, हातांवरून आठवतात. सापगावच्या एका दुकानदाराची शीर तर अशी दोरखंडासारखी, की डोळे मिटूनही सुई लागावी!

माझा घाम काढला तो सिद्धगडाखालच्या एका आजीने. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या शिबिराची गाडी गुरुवारी सकाळी नऊला नाक्यावरून सुटणार होती आणि उपाशीपोटीच्या साखरेचा रिपोर्ट नसेल तर गाडीत जागा नाही. पुढचं शिबिर थेट वर्षाने.

बुधवारी सकाळी मी पोचलो. "रात्रीपासून काही घेतलं नाही ना?"

"पान्याचा घोट पन नाय."

सुनेने कोरा चहा आणला. चहाला मी आजवर नाही म्हटलेलं नाही. दोन घोट मारून पेटी उघडली, मान वर केली, तर आजी बशी ओठाला लावून फुर्र करत होत्या!

"आजी! हे काय केलंत?"

"पाव्हन्याला एकट्याला चा पाजायचा? आमच्यात नाय तसं."

सुनेने कमरेवर हात ठेवले. "तुमी कप घेतला म्हनून तिनं घेतला. आता गाडी चुकली तं?"

खरंच होतं. चूक सगळी माझी.

मुरबाडच्या लॅबमधल्या बाईंच्या हातापाया पडून मी त्यांना गुरुवारी सातलाच कुलूप काढायला लावलं आणि सहाला आजींच्या दारात हजर झालो. चहाला लांबूनच नमस्कार! पण कडाक्याची थंडी, आणि गारठलेल्या हातात शिरा आत दडतात. दंडाला रबरी पट्टा बांधला, कोपराच्या खळग्यात बोट फिरवलं. डावा हात, उजवा हात, पुन्हा डावा. शीर गायब!

इतक्यात चुलीपाशी नजर गेली. सून गरम पाण्यात नाचणीचं पीठ मळत होती. माझ्या डोक्यात दिवाळीच पेटली.

"आजी, भाकऱ्या थापा!"

"मला कुठं दिसतंय रे? दोन वर्सं झाली, सूनच थापते."

"तुम्हाला नसेल दिसत, हातांना दिसतंय!"

आजी परातीशी बसल्या. ऊन ऊन पीठ, थप थप थप! मी शेजारी उभा राहून बॅन्डमास्तरासारखे हात हलवतोय, सून तोंडाला पदर लावून हसतेय. पाचव्या भाकरीला हात धुऊन पट्टा बांधला आणि बोटाखाली शीर टुणकन उडाली. एकाच टोचण्यात नळी भरली. मी असा ओरडलो की कोंबड्या अंगणापार पळाल्या.

मग मोटारसायकल, लॅब, रिपोर्ट. साखर उत्तम! परत नाक्यावर आलो तर गाडी सुरू झालेली आणि आजी गाडीबाहेरच उभ्या. रिपोर्ट झेंड्यासारखा फडकवत मी गाडीसमोरच मोटारसायकल आडवी घातली. ड्रायव्हरने मला काय काय म्हटलं ते सोडून देऊ. आजी आत चढल्या.

महिन्याभराने त्याच घरी गेलो. आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच काय रे तो?"

"मीच, आजी."

"आवाजावरनं वाटलं व्हतं, दिसायला बरा असशील."

सून हसून हसून भिंतीला टेकली. दोन कप आले. आजींनी एक स्वतः उचलून, एक थेंब न सांडता, माझ्या हातात दिला आणि दुसरा आपल्या बशीत ओतला.

"पी आता बिनधास्त."