आबांचा फ्लेक्स आणि ताईची सोयरीक

आमच्या गावच्या चौकात फ्लेक्स लागला की त्यावरचा माणूस एकतर वाढदिवसाचा असतो, निवडून आलेला असतो किंवा वारलेला असतो. मधल्या काळात तो काय करतो याच्याशी चौकाला देणंघेणं नाही. एकदा तर बैलाचा वाढदिवस लागला होता, आणि शुभेच्छुकांत माझ्या चुलत्याचा फोटो बैलापेक्षा मोठा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, तुला असं सुचलं तरी कसं? अशा चौकात वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार.

तेव्हा मी विट्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली ताई शिकून घरी बसली होती, म्हणजे तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आम्हा दोघींना एकच वेड होतं. एक इंग्रजी कादंबरीमालिका, जाडजूड, ड्रॅगनवाली. धुक्यातला गड, गडाच्या पोटात झोपलेला ड्रॅगन, त्याची भाषा येणारी एक पोरकी मुलगी, आणि गडाचा दरवाजा राखणारा एका डोळ्याचा म्हातारा. हा म्हातारा दिवसभर सगळ्यांना शिव्या द्यायचा आणि आपल्या ताटातलं त्या मुलीच्या ताटात सरकवायचा. त्याचं नाव उच्चारताना जिभेला गाठ बसायची, म्हणून आम्ही त्याला आबा म्हणायचो.

आम्ही म्हणजे दोघीच नव्हे. पाटणपासून कवठे महांकाळपर्यंतच्या वाचकांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात कॉलेजातली पोरं-पोरी होत्या, पाटणची एक नर्स होती, आणि सांगलीतले बँकेतले एक काका होते. ते 'मुलीसाठी वाचतो' म्हणायचे. मुलगी बालवाडीत होती. महिन्यातून एकदा आम्ही सांगलीला कृष्णेच्या घाटावर जमायचो आणि कादंबरीतल्या त्या पोरक्या मुलीने कुठल्या राजपुत्राशी लग्न करावं यावरून इतके भांडायचो की ग्रुपमधल्या दोघींनी एकमेकींशी बोलणंच टाकलं होतं. ग्रुपचा नियम एकच, पुढचं फोडायचं नाही. जो फोडेल त्याने पुढच्या भेटीला सगळ्यांना पुरेल एवढा चुरमुऱ्यांचा भडंग आणायचा. मी इतक्या वेळा भडंग आणला होता की दुकानदार मला विचारायचा, 'ताई, कार्यक्रम हाय का कसला?'

घरात मात्र माझी आणि ताईची वेगळी रीत होती. पुस्तक एकच, म्हणून एक प्रकरण तिने मोठ्याने वाचायचं, एक मी. कुणाची पाळी हे विसरू नये म्हणून प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलीने खूण करायची, 'ता' म्हणजे ताई, 'मी' म्हणजे मी. एकीने दुसरीला सोडून पुढे जायचं नाही. चार भाग आम्ही असे वाचले. पाचव्या भागात शेवटची दोन प्रकरणं राहिली तेव्हा ताईचं लक्ष उडालं. कवठे महांकाळचं स्थळ आलं होतं. मुलगा हायस्कुलात गणित शिकवायचा. मध्यस्थाने नंबर दिले होते आणि दोघं घरच्यांच्या परवानगीने दोनदा बोलले होते. पाहुणे रविवारी बघायला येणार होते. आधीच्या चार स्थळांना ताईने नाकं मुरडली होती. या वेळी तिने आपणहून साडीला इस्त्री केली आणि आरशासमोर दोनदा नेसून पाहिली. हे जुळावं अशी तिची इच्छा होती, आणि ती तिने फक्त मला सांगितली होती.

मी काय करावं? दोन दिवस वाट पाहिली आणि ताई पापड लाटत असताना माळ्यावर बसून ती दोन प्रकरणं एकटीने वाचून टाकली. त्यात आबा गेला.

कसा गेला ते सांगत नाही. मी इतकी रडले की आईला वाटलं नापास झाले. ताईला काहीच सांगता येईना, कारण मग चोरून वाचलं हे कळलं असतं. म्हणून ग्रुपवर गेले. तिथे ज्यांचं वाचून झालं होतं त्यांनी वेगळा ग्रुप काढून सुतकच मांडलं होतं. बँकेतल्या काकांनी डोळे आल्याचं सांगून रजा घेतली होती. कुणीतरी लिहिलं, 'एवढा मोठा माणूस गेला आणि चौकात साधा एक फ्लेक्स न्हाई.' सगळे हसले. मी नुसती हसून थांबले नाही, हा माझा स्वभावदोष आहे.

ग्रुपमधल्या एका मुलाने आबांचं झकास चित्र काढलं होतं, दाढी, चिलखत, डोळ्यावर पट्टी. ते घेऊन मी विट्यातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. बेत साधा होता. लहानसा फ्लेक्स, सकाळी चौकात बांधायचा, फोटो काढायचा, लगेच सोडून घ्यायचा. फ्लेक्सवाल्याने चित्र पाहिलं.

"मिल्ट्रीत हुते व्हय?"

"व्हय. चाळीस वर्षं दरवाजा राखला." हे खोटं नव्हतं.

"डोळा लढाईत गेला?"

"व्हय."

त्याने आदराने मान हलवली आणि ऑर्डरीसाठी माझं आडनाव, गाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गुंडाळी हातात मिळाली. गुरुवारी सकाळी सातला मी आणि माझ्या मैत्रिणीने ती एसटी थांब्याशेजारच्या तारेला बांधली, तेव्हा कुठे नीट वाचली. वर समया, झेंडूचा हार, तिरंग्याची पट्टी. 'भावपूर्ण श्रद्धांजली. माजी सैनिक कै. आबा.' आणि खाली ठळक अक्षरांत, 'शोकाकुल : समस्त परिवार व ग्रामस्थ', परिवाराच्या आधी आमचं आडनाव. श्रद्धांजलीची खालची ओळ रिकामी सोडायची नाही, ही त्या माणसाची धंद्याची शिस्त. ते पाहून मला हसू आवरेना. तेवढ्यात कॉलेजची एसटी आली. मैत्रीण म्हणाली, सोडून घेऊ या. मी म्हटलं, राहू दे गं, संध्याकाळी सोडू, दिवसभरात कोण वाचतंय.

सगळ्यांनी वाचलं.

संध्याकाळी घरी आले तर दारात चपलांचा ढीग. बाहेरच्या सोप्यात शेजारच्या बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही आमच्याकडची रीत. स्वयंपाकघरात पिठलं-भाकरीची सात पातेली लागली होती. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते खांबाला टेकून उभे होते, आणि गावातले एक जुने फौजी त्यांना विचारत होते, "आवं, पर बटालियन कंची? अन् रक्षाविसर्जन कवा हाय?"

"कुनी मेलं न्हाई," वडील म्हणत होते. "माझ्या घरचं कुनी मेलं न्हाई हे दुपारधरनं सांगतोय, पर कुनी ऐकत न्हाई."

मी आत पाऊल टाकलं आणि आईने माझ्याकडे पाहिलं. आईला पुरावे लागत नाहीत.

खरी गोष्ट मला नंतर कळली. रविवारी येणारे पाहुणे त्या दिवशी कामासाठी विट्याला आले होते. मुलाचे आईवडील आणि मामा. आलोच आहोत तर उभ्या उभ्या मुलगी बघून जाऊ, असा त्यांचा दहा वाजता फोन आला. आईने धावतपळत पोहे टाकले, ताई ती साडी नेसून बसली. पोहे गार झाले तरी कुणी आलं नाही. शेवटी मुलाच्या वडिलांचा फोन आला, "तुमच्यात असं झालंय, अन् आमी पोरगी बघाय कसं यावं? चौकातनं हात जोडून माघारी फिरलो."

वडिलांनी चौकात जाऊन फ्लेक्स पाहिला, मागून आलेल्या ताईने तो म्हातारा कोण ते त्यांना सांगितलं, आणि घरी आल्याबरोबर त्यांनी पाहुण्यांना फोन करून सांगितलं की आमच्यात कुणी गेलेलं नाही, तो पुस्तकातला म्हातारा आहे, धाकटीने चेष्टा केली. त्याने आगीत तेलच पडलं. मुलाची आई पलीकडून म्हणाली, "मेल्या मानसाची थट्टा करणाऱ्या घरात सोयरीक न्हाई करायची."

ताई मागच्या खोलीत बसली होती, त्याच साडीत. मी रडत माफी मागायला लागले. तिने मला थांबवलं.

"आबा गेला?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"मला चौकात कळलं. पप्पांच्या मागनं धावत गेले तर फ्लेक्सवर आबा. तू मला सोडून पुढं वाचलीस."

स्थळ मोडल्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि पुस्तक उशाखाली ठेवून झोपली. रात्री भिंतीकडे तोंड करून रडायची तेव्हा मला माझीच शरम वाटायची.

रविवारी सकाळी वडील म्हणाले, "चल. तू केलंयस, तूच निस्तर." त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि आम्ही कवठे महांकाळला गेलो. वाटेत ते एकदाच बोलले. "फौजी खोटा, पर तिरंगा खरा हुता. ध्यानात ठिव."

त्यांच्या घरी आम्हाला पाणी मिळालं, चहा नाही. सोयरिकीच्या घरात चहा न मिळणं म्हणजे काय ते मला कळत होतं. मुलाचे वडील खुर्चीत, मुलाची आई दाराच्या चौकटीत, आणि आतल्या खोलीच्या दाराशी मुलगा स्वतः. मी उभी राहून सगळं सांगितलं. फ्लेक्स ताईला माहीत नव्हता, घरच्यांना माहीत नव्हता, चूक माझी एकटीची.

मुलाची आई म्हणाली, "माझा थोरला भाऊ मिल्ट्रीत हुता. गेला. त्या बोर्डापुढं मी चप्पल काढून हात जोडलं. मला वाटलं, आपल्यागत कुणाच्या तरी घरचा गेला." मग ती माझ्याकडे वळली. "असल्या पुस्तकातल्या म्हाताऱ्यापायी तुमी रडता व्हय गं पोरी?"

"रडलो, काकू. लय रडलो."

"का? कसा मेला?"

मी तोंड उघडलं आणि आतल्या दारातून आवाज आला, "नको. सांगू नका."

मुलगा पुढे आला होता. कानापर्यंत लाल झालेला. "माझा पाचवा भाग राहिलाय," तो म्हणाला. "म्हणजे शेवटची दोन प्रकरणं. आबा गेले ते कळलंय, पण कसे ते नको." त्याच्या आईवडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भिंतीवर चढून दाखवलं. दोनदा बोलले म्हणे. ताईने त्या दोन फोनांत पावणेपाच भाग वाचायला लावले असतील तर ती बाई नव्हे, विद्यापीठ आहे.

"त्या म्हणाल्या," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन प्रकरणं ठेवू. नंतर एकत्र वाचू."

मला तिथल्या तिथे राग आला. ताईने माझी वाचायची पाळी देऊन टाकली होती, आणि मला न विचारता. आबा गेला तेव्हाही माझ्या छातीत असं दुखलं नव्हतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य मी बोलले असते तर त्या मास्तरची दोन्ही प्रकरणं तिथेच संपली असती. ते जिभेच्या टोकावर आलं होतं. ग्रुपला विचारा, माझ्या जिभेचा इतिहास काही चांगला नाही.

मी ते वाक्य गिळलं. मुलाच्या आईने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे, दार लोटून, मी तिच्या कानात सगळं सांगितलं. वादळ, दरवाजा, आत अडकलेली पोरं, आबांच्या हातातली साखळी. ती ऐकत राहिली. मग पदराने डोळे पुसत तिने एकच विचारलं.

"दार सोडलं न्हाई न्हवं?"

"न्हाई. शेवटपर्यंत न्हाई सोडलं."

"मग हात जोडलं त्ये वाया न्हाई गेलं," ती म्हणाली आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. बाहेर येऊन तिने गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं की हात जोडलेत म्हणजे सुतकही पाळायला हवं, तेव्हा तेरावं झाल्यावर पाहुणे पोरगी बघायला येतील. माझे वडील म्हणाले, "जी." त्यांना कुणासमोर हसू दाबताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पाहुणे ठरल्या दिवशी आले आणि पोहे गरम असताना संपले. पुढच्या वैशाखात लग्न झालं. आता ती काकू, म्हणजे ताईची सासू, आमच्या ग्रुपवर आहे. मराठीत कुणी सांगेल तेवढंच तिला कळतं, पण पुढचं फोडणाऱ्याला भडंग आणायला लावण्यात तिच्याइतकं कडक कुणी नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ताईची बॅग मी भरली. आमचं बोलणं तोवर सुरू झालं होतं, पण त्या दोन प्रकरणांवर दोघीही काही बोलत नव्हतो. साड्यांच्या मध्ये पाचवा भाग ठेवायचा होता. दोघींनी वाचणं जिथे थांबवलं होतं तिथे तो आपोआप उघडला. शेवटून दुसऱ्या प्रकरणाच्या डोक्यावर तिच्या हातचं 'ता' होतं. शेवटच्या प्रकरणावर, आबा जातो त्या प्रकरणावर, 'मी' होतं. ते मी चोरून वाचायच्या महिनाभर आधीच घाईघाईने लिहून ठेवलं होतं, म्हणजे शेवट माझ्याच वाट्याला यावा.

मी खोडरबर आणलं, माझी खूण खोडली, आणि तिथे 'दाजी' असं लिहिलं.