मोटर सुटायच्या आत सारं वावर

वऱ्हाडातून परतताना माझा बेत साधा होता. तिवशाहून मोटर, बडनेऱ्याहून रात्रीची गाडी आणि पुण्याला पोचून दोन दिवस ताणून द्यायची. मोटरीला तो पसंत नव्हता. अमरावतीच्या अलीकडे, दोन्ही अंगांना कपाशी फुललेली, तिथे ती आचका देऊन थांबली. ड्रायव्हर रहीमभाईंनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. मी चरफडत, पाणी शोधत शेजारच्या वावरात (शेतात) शिरलो.

सहा बायका कापूस वेचत होत्या. त्यांच्यातल्या थोरल्या गोदाबाईंनी पाणी दिलं, वर भाकरी-ठेचाही दिला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं तशा सगळ्या खदखदून हसल्या.

"आज किती वेचणार?" मी विचारलं.

"सकाळी अर्धं वावर म्हनलं होतं," गोदाबाई म्हणाल्या. "पन या रुखमाची पोरगी आज बडनेऱ्याहून मुंबईले चालली, नर्सिंग शिकाले. उद्याचं अर्धं आमच्यावर टाकून रुखमा जाईना. आता तुमची मोटर बिघडली, तं आजच सारं वावर आटपतो अन् रुखमाले त्या मोटरीतच बसवतो."

"मी पोरीले सांगून देल्लं, येनं जमत नाई म्हनून," रुखमा म्हणाली. "कायले जीव काढता?"

"तू गप वेच!" पाची जणी ओरडल्या.

एकेकीला विचारलं असतं, तर अर्धं वावरही जड म्हणाली असती. इथे जिची पात (वाट्याचा पट्टा) आधी संपे, ती मागे राहिलेलीच्या पातीत शिरे. मलाही चेव आला, मीही वेचू लागलो. टोकदार बोंडांनी बोटं सोलून निघाली.

"साहेब, जाईची फुलं नाई तोडून राहिले तुमी!" गोदाबाई हसल्या.

इतक्यात इंजिन घरघरलं. एक पात बाकी होती. मी धावत जाऊन रहीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वावराकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"गरम झालं. थंडं होऊ द्या."

"आत्ताच तर चालू झालं!" एक वकील करवादले.

"घाई असंन तं वेचाले जा ना, वकीलसाहेब."

दोघे उतरले, मग चौघे. उरलेल्यांना बसवेना. शेवटी वकीलसाहेबही धोतर सावरत आले, आणि ती पात संपली.

रुखमा कामाच्या लुगड्यातच मोटरीत चढली; बाकीच्या पाची जणी बांधावरून हात हलवत राहिल्या. मघापर्यंत ज्याला-त्याला आपापल्या घरची घाई होती. आता सारी मोटर एका सुरात ओरडत होती, "रहीमभाई, दाबा जरा!" माणूस एकटा असला की झेपेल तेवढंच मागतो, हे मला त्या दिवशी पटलं, आणि फार बरं वाटलं.

बडनेऱ्याच्या फलाटावर ट्रंकेवर बसलेली पोरगी उठून धावत आली.

"आई! तू तं येनार नव्हती ना?"

रुखमानं तिला पोटाशी धरलं. "मी नव्हतीच येनार, माय. आमी साऱ्या आलो."